दोन पेट्या

युडुंडा, रविवार, ३ मार्च २०१९

प्रिय टॅम्सिन,

सकाळी सहाला उठलो. तापमान सोळा, वारा दक्षिणेचा, हलका. चर्चला गेलो नाही. दुपारी दोन्ही सरड्यांना खायला घातलं. किसलेलं गाजर, शेंगांचे तुकडे, चमचाभर कुत्र्यांसाठीचं डबाबंद मांस आणि एक उकडलेलं अंडं, अर्धं मेजरला, अर्धं डॉटला. दोघांनी संपवलं. संध्याकाळी झाडांना पाणी दिलं.

छत्तीस वर्षं पंपिंग स्टेशनची नोंदवही लिहिली. त्यामुळे मला असंच लिहिता येतं, रागावू नकोस. फोनवर आपल्या दोघांनाही बोलता येत नाही, हे रूबेन गेल्यापासून चार महिन्यांत दिसलंच. तू उचलतेस, मी 'हॅलो' म्हणतो, आणि पुढे नुसती खरखर. मी फोनची वायर काढूनच ठेवली आहे. पत्र बरं.

तू बेटावर नीट पोचलीस ना? तुझी डॉट मजेत आहे. तिकडे असले प्राणी न्यायला बंदी आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण माझ्याकडे ती ओझं नाही. रूबेनचा मेजर इथेच होता, त्याला सोबत झाली. सतरा वर्षांच्या रूबेननं ज्या खिडकीखाली त्याला पहिल्यांदा ठेवलं होतं, तिथेच तो आत्ता आहे. डॉटची काचपेटी मी त्याच्या पेटीला लागून मांडली. तिनं मला बघून जीभ बाहेर काढली, दौतीत बुडवून आणल्यासारखी निळी. रूबेन लहानपणी शाईचं पेन चोखायचा ते आठवलं.

तुमच्या गॉलरच्या घरात मेजर मागच्या खोलीत असायचा आणि डॉट पुढच्या. मला ते कधी बरं वाटलं नव्हतं, पण मी विचारलं नाही.

क्लेम नोस्के


किंग बेट, १४ मार्च

प्रिय क्लेम,

पत्राखाली आडनावासकट सही करणारे सासरे जगात तुम्ही एकटेच असाल. वाचून हसले, बऱ्याच दिवसांनी.

मी पोचले. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं आहे. सकाळी साठ माणसांची लापशी ढवळते. वारा इथे कधी थांबतच नाही. टपाल विमानानं येतं, आणि विमान वाऱ्याच्या मर्जीनं, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर काळजी करू नका.

डॉटला गोगलगायी फार आवडतात, पण ज्या बागेत विषाच्या गोळ्या टाकल्या असतील तिथल्या नकोत. पाण्याची ताटली रोज बदला, ती मुद्दाम त्यात घाण करते. दिवा सकाळी लावायचा, संध्याकाळी बंद. आणि दोन पेट्या दोनच राहू द्या, आमच्याकडे तसंच होतं. रूबेनची यादी मेजरच्या पेटीमागे चिकटवलेली आहे, ती बघा.

एक विचारायचं आहे. पोलिसांना मी विचारू शकले नाही आणि दफनाच्या दिवशी तुम्हाला विचारवलं नाही. मी त्याला तुमच्याकडे जा म्हटलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तीन आठवडे तो तुमच्याकडे होता. मग त्या शुक्रवारी अचानक का निघाला? एवढा वारा असताना? निघताना काही बोलला का? जे असेल ते सांगा. मला सोसेल.

टॅम


युडुंडा, शुक्रवार, २९ मार्च

प्रिय टॅम्सिन,

तापमान एकोणीस, वारा नाही. सकाळी छताची पन्हळ साफ केली. दोन वाजता वेर्ना केक घेऊन आली. माझी बहीण कशी आहे हे तुला सांगायला नको. कोट काढायच्या आधीच ती पेट्यांसमोर जाऊन उभी राहिली. मेजर नेहमीप्रमाणे डॉटच्या बाजूच्या काचेवर पंजे घासत उभा होता. दिवस दिवस तो तेच करायचा.

"बघ बिचारा," वेर्ना म्हणाली, "बायकोच्या दारात उभा आहे."

"ती त्याची बायको नाही."

"मग कोण, घरमालकीण? क्लेम, आपल्या रस्त्यावरचा सुस्त्या सरडासुद्धा दर वसंतात आपल्या त्याच जुन्या बायकोला शोधत येतो. जन्म पाइपलाइनवर काढलास आणि एवढं कळत नाही तुला?"

"सुस्त्या वेगळा. हे निळजिभे आहेत."

"सुस्त्याची जीभ काय लाल असते? निळीच की! चुलत भावंडंच ती. दुसऱ्याच्या भांडणाची शिक्षा मुक्या जनावरांना कशाला? केक खा, माझं तोंड काय बघतोस."

मी केक खाल्ला. ती गेल्यावर बराच वेळ खुर्ची ओढून तिथेच बसलो होतो.

रूबेन दहा वर्षांचा असताना स्टेशनच्या वळणावर एक सुस्त्या गाडीखाली गेला होता. त्याची जोडीदारीण चार दिवस त्याच्याशेजारी बसून होती. मी मेलेल्याला फावड्यानं कडेला सारलं, तर ती चालत चालत तिथे गेली. रूबेननं बाटलीच्या झाकणात तिच्यासाठी पाणी ठेवलं. शाळेतून आला की रोज सायकलनं बघायला जायचा. पाचव्या दिवशी ती नव्हती. त्यानं मला विचारलं, "डॅड, ती कंटाळली का?" मी काय सांगितलं ते आठवत नाही.

तू विचारलंस त्याबद्दल. त्या दिवशी तो फारसं बोलला नाही. चहा आणि टोस्ट घेऊन निघाला. वारा उत्तरेचा होता, पण आमच्याकडे कापणीच्या दिवसांत तो असतोच.

दोघंही ठीक आहेत. आता काच कोणी घासत नाही.

क्लेम


किंग बेट, १० एप्रिल

प्रिय क्लेम,

तुमचं दोन ओळींचं पोस्टकार्ड कालच्या विमानानं आलं. मेजर खात नाही, दिव्याखाली येत नाही, मागच्या कोपऱ्यात लाकडाखाली पडून असतो, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका. दर वर्षी एप्रिलात थंडी सुरू झाली की तो असंच करतो. हिवाळ्यात हे प्राणी जवळजवळ झोपूनच असतात. त्याला उचलू नका, बळेबळे भरवू नका. महिनाभर खाल्लं नाही तरी चालतं. रूबेन तेव्हा त्याला 'पेन्शनर' म्हणायचा. डॉट खातेय ना, मग झालं.

सुस्त्याची गोष्ट त्यानं मला कधी सांगितली नव्हती. मी ती तीनदा वाचली. तुमच्याकडे त्याच्या अशा आणखी गोष्टी असतील तर लिहा. माझ्याजवळच्या संपत आल्या आहेत, त्याच त्याच पुन्हा येतात.

पोलिसांनी मला त्याच्या गाडीतल्या वस्तूंची पिशवी दिली होती, ती मी इथे आल्यावर उघडली. पाकीट, गॉगल, आणि जर्दाळूच्या जॅमची एक बाटली, वेर्नाच्या अक्षरातल्या चिठ्ठीची. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि बाटलीला चीरसुद्धा नाही. ती इथे खिडकीत ठेवली आहे. क्लेम, मला वाटत होतं की तो त्या दिवशी मला 'संपलं' असं सांगायला येत होता. सामान घेऊन जायला. पण बायकोला सोडायला निघालेला माणूस जॅम बरोबर घेतो का? की ती बाटली नुसतीच गाडीत पडलेली होती?

तुम्ही म्हणता तो फारसं बोलला नाही. 'फारसं' म्हणजे काहीतरी बोलला. सांगा ना.

टॅम


युडुंडा, गुरुवार, २ मे

प्रिय टॅम्सिन,

तापमान अकरा. वारा पश्चिमेचा. सकाळी मागच्या अंगणात लिंबाखाली खड्डा खणला. मेजर मेला. मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता, कपुंडाच्या जनावरांच्या दवाखान्यात.

थंडीनं नाही. मी मारला.

वेर्ना केक घेऊन आली, त्याच्या आदल्या रविवारीच मी डॉटला उचलून मेजरच्या पेटीत ठेवलं होतं. वेर्नाला दुसरी पेटी रिकामी दिसली नाही, कारण ती येणार म्हणून तासाभरासाठी मी डॉटला परत तिच्या जागी सोडलं होतं. तिचं बोलणं ऐकून उलट बरं वाटलं, आपण केलं ते बरोबरच आहे म्हणून. ती गेल्यावर डॉटला पुन्हा आत ठेवलं. 'आता काच कोणी घासत नाही' हे मी खरं लिहिलं होतं. का घासत नाही ते लिहिलं नाही. 'दोन पेट्या दोनच राहू द्या' असं तू लिहिलं होतंस. मला वाटलं, तुमचं दोघांचं बिनसलं होतं म्हणून खोल्या वेगळ्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर सरडेही वेगळे झाले. रूबेनच्या यादीतही 'वेगवेगळे' असा शब्द आहे, त्याखाली दोन रेघा आहेत. मी त्या रेघा वाचल्या. रागात मारल्यासारख्या वाटल्या.

पहिले काही दिवस सगळं छान दिसलं. दोघं एका लाकडाखाली झोपायची. डॉट त्याच्या पाठीवर मान टाकून पडायची, दिव्याच्या बरोबर खाली. मी रोज खुर्ची घेऊन बसायचो. तुला खरं सांगतो, नोव्हेंबरपासून मला एवढं बरं वाटलं नव्हतं. घरात कोणीतरी कोणाजवळ तरी होतं.

मग तो खाईनासा झाला. मी तुला पोस्टकार्ड लिहिलं आणि मुख्य गोष्ट लिहिली नाही. तू लिहिलंस, उचलू नका, थंडीमुळे आहे. तुझा त्यात काही दोष नाही. मी अर्धंच सांगितलं होतं, तू ते पूर्ण समजून सल्ला दिलास. मी त्याला उचललं नाही. तो उजवा पुढचा पाय पोटाखाली घेऊन बसायचा, मला वाटलं थंडी. सोमवारी वास आला म्हणून उचलला. पंजा नव्हता. वर कोपरापर्यंत काळं पडलं होतं. शेपटीवर आणि मानेमागेही चावे होते, जुने, खवल्यांखाली पिकलेले.

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "एकाच पेटीत होते?"

"हो."

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

"मिस्टर नोस्के, निळजिभे एकटे राहतात. दुसरा दिसला की त्याला हुसकतात. जंगलात हरलेला पळून जातो. पेटीत तो कुठे जाणार?"

मी म्हणालो, "ती त्याच्या पाठीवर मान ठेवून झोपायची."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "ऊब एकाच जागी होती ना," त्या म्हणाल्या. "ती जागा तिनं घेतली होती. तो खाली दबलेला होता."

म्हणजे काचेवर पंजे घासत होता तो भेटायला नाही. तो तिला हाकलत होता. चौदा वर्षं रूबेननं ज्याला सांभाळलं, त्याचं माझ्या पेटीत असं झालं, आणि मी समोर खुर्ची टाकून बसून बघत होतो.

आता दुसरं. हे मी तुला सहा महिने सांगितलं नाही.

त्या शुक्रवारी त्याला मी पाठवला. सकाळी स्वयंपाकघरात तो म्हणाला, "आज वारा बघा डॅड. शेतं उडायला लागली आहेत." मी म्हणालो, "वाऱ्याचं निमित्त नको. तीन आठवडे झाले. नवरा-बायकोनं एका छपराखाली राहावं, लांब राहून काही जुळत नाही. घरी जा." तो हसून म्हणाला, "तुमचं सगळं पंपासारखं. बटण दाबलं की पाणी." मी म्हणालो, "तू बटण तरी दाब." तो थोडा वेळ टोस्टला लोणी लावत बसला. मग म्हणाला, "मेजर राहू दे इथे, पुढच्या आठवड्यात नेतो." शर्टाला इस्त्री केली. दारातून परत फिरला आणि फडताळातून जॅमची बाटली काढली. "ही नेऊ का? टॅमला आवडतो," म्हणाला.

तू विचारलं होतंस म्हणून सांगतो. जॅम त्यानं मागून घेतला. गाडीत पडलेला नव्हता.

कपुंडाच्या अलीकडे नांगरलेल्या शेताची माती रस्त्यावर आली तेव्हा समोरचा धान्याचा ट्रक त्याला दिसला नसेल, असं पोलीस म्हणाले. एकदा मला वाटतं दिसला नसेल, एकदा वाटतं दिसला असेल. दोन्ही सारखंच.

क्लेम


किंग बेट, १६ मे

क्लेम,

पत्र मिळून आठ दिवस झाले. तीन उत्तरं लिहून फाडली.

आधी मेजरचं. 'वेगवेगळे' याखाली रेघा का आहेत ते मी लिहायला हवं होतं. डॉट आणली त्या पहिल्या आठवड्यात आम्हीही त्यांना एकत्र सोडलं होतं, दहा मिनिटं. तिनं त्याचं बोट तोडलं. डाव्या मागच्या पायाला एक बोट कमी होतं, बघितलं असेल तुम्ही. रूबेननं त्या दिवशी यादी लिहिली. तेव्हा आमच्यात काहीच बिनसलं नव्हतं, लग्नाला वर्ष झालं होतं. रेघा सरड्यांसाठी होत्या, माझ्यासाठी नव्हत्या. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्याकडे जोडीनं राहणारे सुस्ते असतात हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आता शुक्रवारचं. तो तुम्हाला बोलला नाही, म्हणजे त्यानं मुद्दाम सांगितलं नसणार. बुधवारी मी त्याला फोन केला होता. म्हटलं होतं, मला रविवारपर्यंत वेळ दे. रविवारी ये, मी उत्तर देईन. तो म्हणाला, "रविवारी येतो." शुक्रवारी दुपारी मी मागची खोली आवरायला घेतली होती. पलंग पुढच्या खोलीत ओढत नेत होते, एकटी, दाराची चौकट खरवडली. मी 'ये' म्हणणार होते. पलंग दारात अडकला होता तेव्हा पोलिसांची गाडी आली.

त्या रविवारी वारा नव्हता, क्लेम. मी दिवसभर पायरीवर बसले होते, मला माहीत आहे. एक पानसुद्धा हललं नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे. न लिहिता हे लपवलं तर आणखी एक खोटं होईल, आणि खोटं आता पुरे झालं. तुम्ही वाईट हेतूनं केलं नाहीत, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही. इतके दिवस मी स्वतःवर रागावले होते, तोही संपलेला नाही. दोन्ही आहेत.

काही दिवस मला लिहू नका. किती दिवस ते मला सांगता येत नाही.

डॉटला कोणाला देऊ नका. तिचा दोष नाही.

जॅम उघडला. तुम्ही सांगितल्यावर उघडला.

टॅम


युडुंडा, रविवार, २६ मे

प्रिय टॅम्सिन,

तू लिहू नका म्हणालीस, म्हणून हे पत्र टाकणार नाही. रविवार आहे, हात सवयीनं वहीकडे गेला.

तापमान नऊ. वारा नाही. चर्चला गेलो. वेर्ना बाहेर म्हणाली, "त्या पोरीला एक फोन कर रे." मी म्हणालो, तिनं नको म्हटलंय. "तू कधी कोणाचं ऐकलंस?" म्हणाली, आणि मग तिला स्वतःलाच कसंतरी झालं असावं, माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि गेली. डॉट किती जगेल हे तिनं आधी विचारलं होतं. मी सांगितलं, अजून दहा-बारा वर्षं. "म्हणजे तुला पुरून उरेल," म्हणाली. मी एकाहत्तरचा आहे, हिशेब बरोबर आहे.

बोट मी बघितलं होतं. डावा मागचा पाय. मला वाटलं जन्मतःच नसेल.

रविवारचं तो मला का बोलला नाही, याचा विचार करतो. दोन दिवस थांबायचं आहे असं म्हणाला असता तर मी थांब म्हटलं असतं. असं मला वाटतं. कदाचित म्हटलं नसतं. कदाचित त्याला ते माहीत होतं.

मेजरची पेटी धुऊन शेडमध्ये ठेवली. रूबेनची यादी सोडवताना एक कोपरा फाटला. ती डॉटच्या पेटीमागे लावली. आता तीत लिहिलेलं सगळं मी तसंच करतो.

साडेबारा वाजता तिला खायला घातलं. गाजर किसलं, शेंगा चिरल्या. अंडं उकडून सोललं, सुरीनं मधोमध कापलं. अर्धं तिच्या ताटलीत ठेवलं. ती लाकडाखालून सावकाश आली आणि खाऊ लागली. उरलेलं अर्धं फळीवरच होतं. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग तिथेच उभ्या उभ्या, मीठ न लावता, मी खाल्लं, आणि सुरी धुऊन ठेवली.